कुलूप नसलेली किल्ली

मला फिट येते हे जसं आमच्या सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, तसंच मी मारते हेही ठाऊक होतं. फिट महिन्यातून एकदा-दोनदा यायची, मारामारी रोजची. शाळेच्या वाटेवर कुणी 'फेफरी' म्हणालं की मी दप्तर खाली ठेवायची, वेणीचं टोक दातात धरायची आणि म्हणणाऱ्याच्या अंगावर जायची. मुलगा की मुलगी, लहान की मोठा, बघायची नाही. एकाच्या कानाचा चावा घेतला होता, एकीला बोरीच्या काट्यांत ढकललं होतं. त्याबद्दल घरी मला सोलून काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच करायची. आता तीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आहे. बारामतीच्या बाजारात केस पांढरे झालेले माझे विद्यार्थी पिशवी खाली ठेवून पाया पडतात, तेव्हा आशीर्वादाला उचललेला हात बघून मला हसू येतं. ह्याच हातानं मी निम्मा गाव बडवला आहे. लाज वाटते का? थोडी वाटते. फार नाही.

आमची वस्ती बारामतीहून इंदापूरकडं जाताना, कळसच्या अलीकडं रस्ता सोडून आत, कालव्याच्या खालच्या अंगाला. जमीन चार तुकड्यांत, पण ओलिताखालची. आसपासचे लोक ऊस लावून निवांत बसायचे. आमच्याकडं भेंडी, गवार, टोमॅटो. भाजीवाल्या घराला निवांतपणा नसतो. भेंडी एक दिवस तोडायची राहिली की निबर होते. त्यामुळं पहाट झाली की सगळं घर सरीत उभं. भेंडीच्या लवेनं हात खाजायचे, म्हणून दत्ताचे फाटके पायमोजे हातात चढवून मी तोडायची. न्याहारीला भाकरी, खरडा आणि तव्यावर तेल न घालता भाजलेली भेंडीच. निबर निघालेली, बाजारात न जाणारी. ती करकरीत चव आजही मला कुठल्या हॉटेलात मिळत नाही. दुपारी विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू झालं की त्याच्या फटफटीच्या तालावर घरातल्या बायकामाणसांचं बोलणंसुद्धा वरच्या पट्टीत जायचं.

कारभार तात्यांचा. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. काकी वारल्या होत्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी बस म्हटलं की बसायचं. माझे वडील, आण्णा, थोरल्या भावासमोर मान वर करायचे नाहीत आणि बाहेर गिळलेला सगळा राग आईवर काढायचे. बैलांचा चाबूक दाराच्या आतल्या खुंटीला असायचा. बैलांसाठी तो तिथनं फारसा निघाला नाही. एकदा आण्णांनी आईच्या कानशिलात अशी मारली की कानातून रक्त आलं, आणि पुढं त्या कानानं तिला कमीच ऐकू यायचं. ती तो कान पदराखाली ठेवायची. तात्यांशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं, डोक्यावरून पदर ओढून, 'भावजींना म्हनावं च्या झालाय' असं म्हणायची. आणि चौथा दत्ता, माझा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणत नसे. मारामाऱ्या करून करून आम्ही बरोबरीचे झालो होतो. त्याची दहावी झाली होती आणि जूनपासून तो टर्नरच्या कामासाठी आयटीआयला जाणार होता. वालचंदनगरला कुणाच्या तरी ओळखीनं त्यानं एकदा लेथ मशीन चालताना पाहिलं होतं, तेव्हापासून दुसरं बोलतच नव्हता. "शाले, लोखंड आसं सुटतंय, केसावानी," तो बोटं फिरवून दाखवायचा. "गोल गोल. हातात धरलं तर चटका बसतोय."

आणि मी. मला काय काय बंद होतं हे सांगायला बसले तर बालपणच सांगून होईल. विहिरीच्या काठाला जायचं नाही. चुलीपुढं बसायचं नाही. सायकल नाही, झाड नाही, बैलगाडीत पुढं बसायचं नाही. दही नाही, वांगं नाही, का नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विळी, विळा, खुरपं ह्यांना हात लावायचा नाही. बाकीच्या पोरी आयांबरोबर ओळीनं खुरपायला बसायच्या, गाणी म्हणायच्या, आणि मी त्यांच्या मागून हातानं गवत उपटत जायची. पाहुण्यांकडं लग्नाला नेत नसत. मांडवात पडली तर शोभा नको. माणसाचं सगळं काढून घेतलं आणि नुसत्या मुठी ठेवल्या, तर ते माणूस मुठीच वापरणार. हे मला शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की मारल्यावर बरं वाटतं.

फिट यायच्या आधी मला इंजिन लांब जाताना ऐकू यायचं. इंजिन सुरू असो वा नसो. फट फट आवाज बारीक होत कालव्याच्या पलीकडं जायचा, जिभेवर लोखंडाची चव यायची, आणि पुढचं मला कधीच ठाऊक नसायचं. जाग यायची ती मार खाल्ल्यासारख्या अंगानं. तोंडात माती, दातांत कापूस, नाकाला चपलेचा वास. कुणी चप्पल हुंगवलेली असायची, कुणी कांदा फोडलेला, कुणी पायांवर बसलेलं. दातखीळ सोडवायला एकदा तात्यांनी उलथन्याचा दांडा घातला होता. माझा पुढचा अर्धा दात तेव्हा गेला. पण सगळ्यांचा खरा भरवसा लोखंडावर. फिट आली की मुठीत लोखंड द्यायचं म्हणजे ती उतरते, हे आमच्याकडं पाणी उताराकडं जातं इतकं पक्कं होतं. म्हणून माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक किल्ली बांधलेली होती. बोटाएवढी लांब, दातेरी. तिचं कुलूप कधीच हरवलेलं होतं. फिट आली की जो जवळ असेल त्यानं ती माझ्या उजव्या मुठीत कोंबायची, असं आईनं शाळेतल्या शिपायालासुद्धा सांगून ठेवलं होतं. आखडलेली मूठ त्या दात्यांवर इतकी आवळायची की तळहातावर रक्त निघायचं. ते व्रण आजही आहेत. हात बघणाऱ्या एका माणसानं ते व्रण न्याहाळून मला सांगितलं होतं की ही परदेशप्रवासाची रेषा आहे.

गोळ्याही होत्या. बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेल्या पांढऱ्या बारीक गोळ्या देव्हाऱ्याच्या फळीवर असायच्या आणि फिट येऊन गेली की मला एक द्यायचे. डोकं दुखल्यावर घेतात तशी. पाच-सहा दिवस सगळं ठीक असलं की आण्णा म्हणायचे, "बरी हाय की आता, कशाला आवशीद मारताय पोरीच्या पोटात?" आम्हाला कुणी फसवलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं असेलच. आम्ही ऐकलं ते आमच्या सवयीनं. औषध भेंडीवर रोग दिसला की मारायचं असतं. रोग नसताना पंप पाठीवर घेणारा माणूस आमच्यात वेडा ठरला असता.

दहावीच्या परीक्षेला महिना राहिला होता. आमच्या घरात माझ्याआधी एकही बाई चौथीच्या पुढं गेली नव्हती. गणिताच्या बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ही मुलगी कॉलेजला जाणार, लिहून ठेवा." त्या एका वाक्यावर मी महिनोन्‌महिने जगत होते. त्याच दिवसांत वर्गातला एकजण बाकावरून वाकून म्हणाला, "शाले, किल्ली तर हाय, कुलूप कुठाय? का तुझ्या डोस्क्यालाच लावलंय?" वर्ग हसला. मी कंपासपेटी त्याच्या तोंडावर हाणली. त्याचा ओठ फाटला. मुख्याध्यापकांनी माझ्या दोन्ही हातांवर छडी मोडेपर्यंत मारलं आणि वर म्हणाले, "आजारी आहेस म्हणून सोडतो." मला मार लागला नाही, ते वाक्य लागलं. घरी येताना कालव्याच्या पुलावर थांबले, दोरा सोडला, किल्ली काढली आणि पाण्यात फेकली. आवाजही झाला नाही. मग दोऱ्याला पुन्हा गाठ मारून तो गळ्यात घातला, पोलक्याच्या आत सारला. वरून बघणाऱ्याला किल्ली आहे असंच वाटावं.

त्यानंतरच्या रविवारी भेंडीत खुरपणी चालली होती. तात्या आणि आण्णा विहिरीकडं इंजिनाशी झटत होते. सरीत आई, तिच्या शेजारच्या ओळीत दत्ता आणि मागं मी, हातानं हरळी उपटत. ऊन पाठीवर होतं. आई दत्ताला म्हणत होती, "तुझ्या त्या मशिनीवर बसून भाकरी खाता येती का रं?" आणि दत्ता म्हणत होता, "मशिनीवर बसत न्हाईत आई, उभं ऱ्हात्यात." मला हसू आलं. आणि मला इंजिन लांब जाताना ऐकू यायला लागलं.

जागी झाले तर आण्णा माझी बोटं एकेक करून उचकटत होते. माझ्या मुठीत खुरपं होतं. पात्यावरनं रक्त मनगटाकडं ओघळत होतं आणि ते माझं नव्हतं. चार हातांवर दत्ता मातीत बसला होता. त्याच्या उजव्या हाताला आईचा पदर फाडून गुंडाळलेला होता आणि तो लाल होऊन ठिबकत होता. त्यानं आवाज केला नव्हता, तो नुसता त्या हाताकडं बघत होता, हात दुसऱ्याचा असल्यासारखा. आई उभी होती. दोन्ही हात बाजूला सोडून, डोक्यावर पदर नसलेली. पदर दत्ताच्या हातावर होता.

"हिच्या हातात खुरपं आलं कुठनं?" तात्या ओरडले.

"हिसकून घेतलं व्हय गं हिनं तुझ्या हातातलं?" आण्णांनी आईला विचारलं. आईनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणी बघत बसलं नाही. तात्यांना पटलंच होतं. फिट आल्यावर अंगात दहा बैलांचं बळ येतं, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि मुलगी आधीच मारकुटी. "भावावर खुरपं चालवलं सटवीनं," असं म्हणत त्यांनी मला वेणीला धरून सरीतनं ओढलं, आणि पायातला जोडा काढून हात दुखेपर्यंत मारलं. मी प्रतिकार केला नाही. जन्मात पहिल्यांदा मी मुकाट मार खाल्ला. कारण मलाही पटलं होतं. मी मारतेच. शुद्धीत असताना पोरांचे ओठ फाडते, तर शुद्ध नसताना काय करत नसेन? फिटचं हे सगळ्यात वाईट आहे. तुम्ही काय केलंत ते लोक सांगतील ते. तुम्हाला साक्ष देता येत नाही.

बारामतीला दत्ताच्या हाताला टाके पडले. करंगळी आणि शेजारचं बोट पुन्हा मिटणार नाही असं डॉक्टर म्हणाले. टर्नरचं काम संपलं, ते कुणी मोठ्यानं बोललं नाही. माझी शाळा संपली, ते तात्या मोठ्यानं बोलले. "परीक्षा-बिरीक्षा काय न्हाय. उद्या एखाद्या पोराचा जीव घेतला तर गावात तोंड दाखवायचं कुठं? ही हितंच ऱ्हाईल." हितंच म्हणजे गोठ्यात. कालवडीचं दावं माझ्या पायाला बांधलं आणि दुसरं टोक दावणीला. पुढच्या अमावास्येनंतर डाग द्यायचा ठरलं. नीरेच्या पलीकडचा एक म्हातारा जनावरांना आणि माणसांना डाग द्यायचा. कावीळ, वात, फेफरं, सगळ्याला एकच तापलेली सळई. मानेच्या मागं, केसांच्या खाली.

आठ दिवस मी दावणीला होते. शेणाचा, कडब्याचा आणि गुळवणीसारखा गाईच्या श्वासाचा वास. आई ताटली आणून ठेवायची आणि माझ्याकडं न बघता जायची. मी समजले की तिला माझा तिटकारा आला. बीजगणिताची सूत्रं मी वैरणीच्या काडीनं जमिनीवर लिहायची आणि गाय पाय देऊन मोडायची. गणिताच्या बाई एकदा येऊन गेल्या म्हणे. तात्यांनी त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. दत्ता दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या दारात येऊन बसला. हात गळ्यातल्या झोळीत.

"मी का मारलं रं तुला?" मी विचारलं.

"खा भाकर."

"सांग ना. मी काय म्हणत हुते? शिव्या देत हुते का?"

"काय न्हाय म्हणालीस. खा गुमान."

मग त्यानं खिशातून एक पांढरी गोळी काढली. "आ कर. बहिणीला फिट येती म्हणलो, तर डॉक्टर माझ्यावर खेकसला. म्हणला ही रोज द्यायची आस्ती. फिट येवो न येवो, रोज. तुमी आडाणी हाय का, म्हणला."

"मग तू काय म्हणलास?"

"व्हय म्हणलो."

त्या दिवसापासून त्यानं एकही दिवस चुकवला नाही. डाव्या हातानं गोळी, डाव्या हातानं तांब्या. ज्या हाताला मी कापलं असं मी समजत होते, तो हात झोळीत लोंबत असायचा आणि मला त्याच्याकडं बघवायचं नाही.

अमावास्या झाली. सकाळी भाकरी थापण्याचा आवाज चालू असताना म्हातारा आला. पाय धुतले, चहा प्याला, बशी पुसून पालथी घातली आणि शेणी पेटवता पेटवता सहज विचारलं, "जनावार हाय का मानूस?"

"मानूस," आण्णा म्हणाले.

"आसू द्या. धरायला चौघं लागतील."

सळई लाल व्हायला बराच वेळ लागतो, हे मी तेव्हा शिकले. शेजारचे दोघं बोलावले. दावं दावणीचं सोडलं, पायाला तसंच ठेवलं, आणि मला अंगणात पालथी पाडली. तात्यांनी मान दाबली. आठ दिवस मी मुकाट होते, पण मानेवरची वेणी बाजूला झाली, उघड्या कातडीला त्या विस्तवाची धग लागली आणि माझं सगळं मारकुटेपण परत आलं. मी तात्यांच्या मनगटाला चावले. हाडापर्यंत. ते ओरडले आणि त्यांनी माझं डोकं जमिनीवर आपटलं. मी एकाच्या पोटात लाथ घातली, दुसऱ्यानं माझ्या पाठीत गुडघा रोवला. तोंडात रक्त, माती. त्या मातीला लागून मला दिसत होते ते पाय. म्हाताऱ्याचे भेगाळलेले, जवळ येणारे. आणि त्यांच्या पलीकडं सोप्याच्या पायरीवर दत्ताचे.

दत्ता एवढंच म्हणाला, "आई."

मोठ्यानं नाही. हाक मारावी तसंही नाही. भाकरी थापायचा आवाज थांबला.

आई बाहेर आली ती पिठाच्या हातांनी. डोक्यावर पदर नव्हता. ती तात्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडं बघून बोलली. तिला तसं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांनीही नाही.

"सोडा तिला. खुरपं म्या दिलं हुतं."

"काय?"

"तिच्या गळ्यात किल्ली न्हवती. बघितली, न्हवती. लोकांड द्यायचं म्हणून माझ्या हातात हुतं ते तिच्या मुठीत घातलं. दत्ता तिचं हात धराया वाकला." तिनं श्वास घेतला. "पोरीनं काय बी केलं न्हाय. म्या केलं."

शेणीचा एक निखारा फुटला, तो आवाज मला आजही ऐकू येतो. तात्यांचा हात मानेवर सैल पडला.

"आन्‌ आठ दिस गप बसलीस?" आण्णा म्हणाले.

"व्हय. तुमास्नी भिऊन."

आण्णांनी तिला मारलं. त्याच बाजूला, त्याच कानावर. ती हलली, पडली नाही. तिनं उजवा हात पुढं केला, मनगट वर करून, पीठ वाळलेला हात. "डाग द्यायचाच हाय ना कुनाला तरी? ह्या हातानं दिलंय. ह्याला द्या." मला वाटतं ती खरंच तसं म्हणत नव्हती. मला वाटतं तिला वाटलं हे ऐकून कुणीतरी लाजेल. आण्णा लाजणाऱ्यातले नव्हते. चारचौघांत, थोरल्या भावासमोर, बायको डोळ्याला डोळा देऊन बोलली होती. त्यांनी म्हाताऱ्याच्या हातातली सळई ओढून घेतली आणि तिच्या मनगटावर टेकवली. चर्र आवाज झाला. आई ओरडली नाही. तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली, फुंकर घातल्यासारखी.

मी कधी उठले मला ठाऊक नाही, पण हे फिटमधलं नाही, शुद्धीतलं आहे आणि ह्याची साक्ष मी देते. पायातलं दावं मी हातात घेतलं आणि आण्णांच्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. दाव्याची गाठ त्यांच्या भुवईवर बसली आणि रक्त डोळ्यात उतरलं. सळई त्यांच्या हातातून पडली. बाप हात वर करून मागं मागं जात होता आणि मी मारत होते, आणि चौघांतला एकही माणूस मधे पडला नाही. मग माझं मनगट कुणीतरी धरलं. झोळीतून काढलेल्या, टाके घातलेल्या हातानं. चिंध्यांवर ताजं रक्त फुटलेलं मला दिसलं, आणि मी थांबले.

"बास, शाले," दत्ता म्हणाला. "टाकं तुटत्यात."

बापावर हात उचलला ह्याची मला आजही लाज वाटत नाही. ते लिहून ठेवते, कारण माझ्या पश्चात कुणी मला साधी, सोशीक वगैरे ठरवायला नको.

म्हातारा सळई पाण्यात विझवून, न जेवता गेला. तात्या दिवसभर विहिरीवर बसून राहिले आणि संध्याकाळी येऊन भिंतीकडं बघत म्हणाले, "परीक्षेला जाऊ द्या तिला." आईची भिंतीला सांगायची ती जुनी पद्धत आता त्यांना आली होती. आण्णांनी आईवर पुन्हा हात टाकला नाही असं मी म्हणणार नाही, टाकला. पण माझ्यासमोर नाही. मी घरात आले की ते बाहेर जायचे, आणि म्हणून मी जितका वेळ जमेल तितका घरात बसून अभ्यास करायची. त्यांच्या भुवईतली खाच शेवटपर्यंत तशीच होती.

परीक्षेचं केंद्र वालचंदनगरला होतं. दत्तानं डाव्या हातानं हँडल धरून मला सायकलवर मागं बसवून नेलं. सायकल मला बंद होती, ते दोघांनाही आठवलं नाही. भूमितीच्या पेपरला इंजिन लांब जायला लागल्यासारखं वाटलं. मी पेन खाली ठेवून बाकाची कड धरली. आवाज कालव्यापर्यंत गेला आणि परत आला. रोजच्या गोळीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. मी पास झाले. बारामतीला कॉलेजला गेले, बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती मी काचेत लावली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी लावली आहे. गोळी आजही घेते. शेवटची फिट येऊन गेली त्या वर्षी जन्मलेली मुलं आता नोकऱ्यांना लागली आहेत.

तीस वर्षं मी वर्गात सांगत आले: कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात काही घालू नका, हातात लोखंड देऊ नका. आजही मोबाईलवर व्हिडिओ येतात, इंदापूरच्या एसटी स्टँडवर पोरगं पडलंय आणि दहा माणसं किल्ल्या काढतायत. ते बघितलं की माझी मूठ आपोआप वळते. आईलाही मी शंभरदा समजावलं. ती भाजी निवडता निवडता ऐकायची. "व्हय का? लोकांडानं काय व्हत न्हाय?" म्हणायची. "शिकलेली हायस तू. तुला ठावं." तिच्या मनगटावरचा डाग बांगड्यांखाली असायचा.

ती गेली त्याच्या बाराव्याला दत्तानं तिची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. ती कमरेला खोचायची ती. इंदापूरच्या वर्कशॉपात लेथवर काम करून तो आता म्हातारा झाला आहे; आयटीआय नाही, कागद नाही, तीन बोटांनी शिकला. पिशवीत सुपारी, अडकित्ता आणि लोखंडाचा एक तुकडा होता. बोटाएवढा लांब, दोन्ही टोकं गोल, अंड्यासारखा गुळगुळीत. त्याला काळा दोरा बांधलेला.

"हे काय रं?"

"माझं पयलं काम. लेथवर हात बसला तवा आई वर्कशॉपात आली. म्हणली, किल्लीएवढं कर, पन धार नगं कुठं. कायम जवळ ठेवायची. तू घरी आलीस की जरा जास्तच."

मी दोरा बघत होते. जुना, विटलेला. एका जागी दोन गाठी, घाईनं मारलेल्या. गाठ मारायची माझी पद्धत मला ओळखू येते.

"दत्ता, किल्ली मी टाकली होती. कालव्यात. मी कधी बोलले नाही."

"ठाव हाय."

"तुला?"

"आईला. तुला दाव्याला बांधायच्या आदी तिनंच गळ्यातनं दोरा काढला तुझ्या. म्हणली तुटला न्हाय, सोडलाय पोरीनं." तो सुपारीचं खांड उचलून उन्हाकडं धरून बघत होता. "कुनाला सांगू नगंस म्हणली. म्हणली तिला अजून लय मार खायचाय जगात, ह्यो एक माझ्याकडं आसू दे."

मी विज्ञानाची शिक्षिका आहे. लोखंडानं फिट थांबत नाही. तो तुकडा माझ्या पर्समध्ये असतो. मुठीत कितीही आवळला तरी कुठं टोचत नाही.